लिफ्टविषयक सूचना, पृष्ठे दोन

सोमवार, ३ तारीख. सकाळी १०.
ईशस्मरणपूर्वक आरंभ. साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. माझ्या नोकरीच्या मुदतवाढीचा निर्णय शुक्रवारी होणार. त्यापूर्वी एकच काम : गुरुवारी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील, अशी सूचना लिहिणे. म्हणाले, 'शास्त्रीबुवा, वाचल्याबरोबर कळलं पाहिजे, एवढंच बघा.' चाळीस वर्षे सूचना लिहिणाऱ्यास हे सांगावे लागते! असो. वयाने लहान आहेत.
संकल्प : स्पष्टता व एकाग्रता.

सायंकाळी ५.
एकाग्रतेसाठी मोबाइल कपाटात कुलूपबंद केला. आत वाजतो आहे की काय, हे ऐकण्यात दुपार गेली. वाजला नाही. चित्त मात्र पूर्ण एकाग्र होते. कपाटावर.

मंगळवार, ४.
मंगलाचरण सिद्ध झाले. नऊ ओळी. आता आरोहणाचे तात्त्विक विवेचन. टायपिस्टबाईंनी विचारले, 'बुवा, नुसतं "लिफ्ट बंद" टाइप करू का? दोन मिनिटांत होईल.' हसलो. सिद्धान्त शेवटीच यावा, हा शास्त्रसंकेत त्यांना कोठून ठाऊक असणार?

बुधवार, ५. सकाळी ७.
सौ.ला मसुदा ऐकवला. म्हणाली, 'अहो, ऐकायला गोड आहे, पण त्या लिफ्टला झालंय काय?' म्हणजे उत्कंठा टिकते. उत्तम. पुढे म्हणाली, 'मुदतवाढ तेवढी मिळवा हो. दिवसभर हे सगळं ऐकणं मला एकटीला नाही झेपायचं.' तिची काळजी मला कळते. मिळणारच.

दुपारी ४.
तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी एकाच पानापुरती जागा. तेथे पहिले पान चिकटवले. दुसरे, ज्यात 'बंद' हा शब्द आहे, पाचव्या मजल्यावर. जिज्ञासू वाचक लिफ्टने तेथवर जाईलच.

गुरुवार, ६. सकाळी १०.५०.
साहेबांनी पहिले पान वाचले; आज गुरुवार, हे त्यांच्या ध्यानी नसावे. म्हणाले, 'लिफ्टची स्तुती झकास जमलीय. पण आहे काय हे? चला, वर जाता जाता सांगा.' मी एका स्वल्पविरामावर एकाग्र असल्याने मागोमाग आत शिरलो. तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. वरून मेकॅनिक ओरडला, 'सूचना लावलीय ना! वाचता येत नाही का?' साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी निवेदन केले : दुसरे पान, तिसरा परिच्छेद. 'कुठे आहे ते पान?' मी वर बोट दाखवले.

दुपारी १२.१५.
साहेब बोलत नाहीत. मौन हे एकाग्रतेचे लक्षण. वातावरण अनुकूल पाहून दुसरे पान मुखोद्गत म्हटले. साहेब कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. तल्लीनता.

दुपारी १.०५.
सुटका. टायपिस्टबाईंनी दारावर मार्करने 'लिफ्ट बंद' लिहून ठेवले आहे. लोक येतात, पाहतात, जिन्याकडे वळतात. कोणी क्षणभरही रेंगाळत नाही. अशा लेखनाची कीव येते.

शुक्रवार, ७.
साहेबांचे पत्र मिळाले. 'सोमवारपासून येऊ नये.' मंगलाचरण नाही, पूर्वपक्ष नाही, विवेचन नाही. शैली फारच कोरडी. घरी सौ.ने एकदाच वाचले आणि मटकन खाली बसली.
मी चार वेळा वाचले. लिफाफा उलटा करून झटकला.
दुसरे पान नव्हते.