फणी-करंड्याचा पडदा

मलकापूर, शनिवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी शेजारच्या सुनंदानं माझ्याकडे पडदे छापायला दिलेत. डिझाइन माझंच, चैत्रांगणाचं: कासव, तुळस, पाळण्यातली गौर, फणी आणि कुंकवाचा करंडा. आज छपाईची स्क्रीन तयार झाली, ती बघून म्हणते, "आवं काकू, लय झ्याक झालंय. पण काका गेल्यावर फणी-करंडा तुमी कशाला काढायचा? तेवढा झाकून छापा, मी हातानं काढते."

म्हणजे कासव माझ्या हातचं चालतं? कॉन्व्हेंटात सिस्टरनी चित्रकला शिकवली, तेव्हा त्यांना नवरा कुणी विचारला नव्हता.

"पडदा अख्खा घ्यायचा, नाहीतर राहू दे," मी म्हणाले. ती तोंड फिरवून गेली. मी भडक लाल रंग कालवला आणि पहिला पडदा छापला. फणी-करंडा कसा स्वच्छ उठलाय! वाळला की माझ्याच दाराला लावणार, रस्त्यावरून दिसेल असा.