सतरा कुंड्यांतली सीतेची आसवं

चि. कमलाकर यास,

नवी पेठेतून तुझ्या यशोदाताईचे आशीर्वाद. मोहोळला सगळे बरे आहेत ना? तुझी पाठ कशी आहे? (दुखत असेल तर थोडी दुखू दे. कारण पुढे कळेल.) हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच बोलतोस.

गेल्या जूनमध्ये तू डबीतून बोटाच्या पेराएवढं काहीतरी हिरवं आणलंस आणि म्हणालास, "ताई, ही सीतेची आसवं. लई नाजूक असतात की. जगली तर नशीब समज." माझ्या किडे खाणाऱ्या झाडांत भर पडली म्हणून मी हरखले. त्या इवल्या वनस्पतीला पाणी ड्रॉपरने घालत होते. (तापात मोसंबीचा रसही आपल्याला इतक्या मायेने मिळाला नाही, असं तुझ्या भाऊजींचं म्हणणं आहे.) दोन महिन्यांनी शेजारच्या दवबिंदू नावाच्या झाडाच्या कुंडीत तांदळाच्या कणीएवढी जांभळी फुलं दिसली. मला कौतुक वाटलं. मग ती घटपर्णीच्या मुळाशी निघाली आणि दिवाळीपर्यंत सतराच्या सतरा कुंड्यांत. सगळ्या कुंड्या एकाच ट्रेमधल्या पाण्यात उभ्या, म्हणजे तिला रस्ताही मीच करून दिलेला. चिमट्याने उपटावी, तर तुटलेल्या धाग्यातून दुप्पट उगवायची. बरं, घरातले डास तरी खाईल? तेही नाही. कुंडीत मातीऐवजी भरलेल्या शेवाळाखाली इवल्या पिशव्या लावून डोळ्यांना न दिसणारे जीव खाते. चार दिवसांसाठी यायचं, घरभर पसरायचं आणि काय खाल्लं ते कळू द्यायचं नाही. (कॉलेजच्या वेळी तू आमच्याकडे दोन वर्षं होतास. मी काही बोलत नाही.)

परवा इथं फुलझाडांचं प्रदर्शन होतं. तीन उन्हाळे जगवलेली घटपर्णी मी रिक्षात मांडीवर घेऊन गेले. तिचे लालभडक घट बघायला लोक थांबत होते. परीक्षक उर्वी मॅडमनी मात्र घटांकडे बघितलंच नाही. वाकून कुंडीच्या कडेची तुझी फुलं न्याहाळत बसल्या आणि म्हणाल्या, "ही कुठून आली?" कुंडीत तण ठेवलं म्हणून विचारतात, असं वाटून माझी मान वर होईना. निकालाला न थांबताच कुंडी उचलून घरी आले. सतराही झाडांची मुळं धुतली, नवं शेवाळ भरलं आणि जुनं सगळं पातेल्यात घालून उकळलं. "हे वाढणार कोणाला?" एवढंच भाऊजींनी दारातून विचारलं. एक धागा उरला नाही. कितीतरी दिवसांनी चहा निवांत प्याले.

तेव्हा असली भेट यापुढे कोणाच्या घरी नेऊ नकोस.

तुझी,
यशोदाताई

ता. क. आज सकाळी उर्वी मॅडमचा फोन आला. पहिलं बक्षीस मिळालं. घटपर्णीला नव्हे.

ता. क. २. रविवारी मॅडम आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ती फुलं बघायला घरी येणार आहेत. तुझ्याकडे असतीलच. शनिवारी दोन मुठी घेऊन ये.

ता. क. ३. जेवून जा, पण रविवारी थांबू नकोस. ती मी स्वतः बियांपासून वाढवली, असं फोनवर माझ्या तोंडून गेलं आहे.