सिर्बू मास्तरांचे शुक्रवार

शर्क, कुवेत
शुक्रवार, ११ मार्च १९६६

प्रिय हारून,

सलाम. आधी एका कोटाचा हिशेब ऐक. राखाडी गरम कापड अडीच वार, अस्तर दीड वार, सहा बटणं आणि माझ्या तीन संध्याकाळी. दुकान नवं होतं, समोरचा माणूस जानेवारीच्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर उभा होता, म्हणून फुकट शिवून दिला. त्या कोटापायी माझे नऊ वर्षांचे शुक्रवार गेले. ज्यांना तो दिला ते सिर्बू मास्तर डिसेंबरात वारले, हे मी तुला दोन ओळींत कळवलं होतं. आज सगळं लिहितो, कारण ते गेल्याचं मी त्यांच्या मुलीलाही कळवलं होतं आणि जानेवारीत तिचं पत्र आलं. तिला बापाच्या कविता हव्यात. त्या कागदावर कुठेच नाहीत. आहेत त्या माझ्या कानात.

मी तिला लगेच उत्तर टाकलं. बंदरातल्या कारकुनाकडून इंग्रजीत टाइप करून घेतलं. लिहिलं, बाई, काळजी करू नका, एकूण एकोणतीस कविता आहेत, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही, नझीर टेलरने एकदा ऐकलं की ते दगडावर कोरलं. कारकून म्हणाला, नझीरभाय, थोडं कमी करू का? मी म्हटलं, तू टाइप कर.

सिर्बू मास्तर रुमानियाचे. डोंगरातल्या एका लहान गावात शाळामास्तर, तुझ्यासारखेच. गावही आपल्या गावासारखंच असावं, कारण ते सांगायचे की शाळा सुटल्यावर मास्तर कोणाच्या दारात किती वेळ उभा राहिला, हेसुद्धा दुसऱ्या दिवशी फळ्याखाली बसलेल्या पोरांना ठाऊक असायचं. पोरांना व्याकरण शिकवायचे, घरी कविता करायचे. पातळसं एक पुस्तक निघालं. मग तिकडे राज्य बदललं. पुस्तकातल्या चार ओळी कोणा साहेबाला खटकल्या, आणि शाळेतल्याच एका सोबत्याने जाऊन त्यांचा अर्थ समजावून दिला. नोकरी गेली, पुस्तकाचा लगदा झाला, तीन वर्षं कालवा खणायला धाडलं. तिथे कागद-पेन्सिल बाळगायला बंदी. मास्तरांनी फावडं मारता मारता कविता केल्या आणि डोक्यात ठेवल्या. सुटल्यावर एका हिवाळ्यात नदी पोहून शेजारच्या देशात गेले. बायको नि चार वर्षांची मुलगी मागे राहिली. जहाजावर भांडी घासत घासत छप्पन्न साली इथे उतरले आणि बंदरावर एका ठेकेदाराच्या गोदामात खिळे-बोल्ट मोजायला लागले.

कोट घ्यायला आले तो शुक्रवार होता. जुम्मा उरकून मी दुकान अर्धं उघडं ठेवून काजं करत बसलो होतो. कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि एकदम काहीतरी म्हणायला लागले. गाणं नव्हे, पण ताल होता. पुढच्या शुक्रवारी आले, तेच म्हणाले. तिसऱ्या शुक्रवारी मध्येच अडले. डोळे मिटून उभे. आणि हारून, माझ्या तोंडून पुढची ओळ निघून गेली. एका शब्दाचा अर्थ माहीत नाही, पण निघाली.

तुला नवल वाटणार नाही. आपल्या मशिदीत रफीकभाई कुराण पाठ करत होते तेव्हा समोर कोणाला बसवलं होतं? मलाच. ते म्हणायचे, मी ऐकायचो, चुकले की टोकायचो. रमजानात तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या लांब नमाजाला मी त्यांच्या मागच्या रांगेत उभा. इमाम अडला की मागून शब्द पुरवायचा, त्याला आपण लुकमा देणं म्हणतो. बारा वर्षांच्या पोराने मोठ्या भावाला भर जमातीत लुकमा दिला की आईची मान कशी ताठ व्हायची, तू पाहिलंयस. अर्थ मला तेव्हाही येत नव्हता. त्याची गरजच नव्हती.

मास्तर खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून दर शुक्रवारी यायचे. ते म्हणायचे, मी शिवायचो. मी म्हटलंही, उस्ताद, आता लिहून काढा ना, इथे कोण धरणार? तर म्हणाले, कागदाने माझी शाळा खाल्ली, आता मुलीची शाळा खाईल. ती तिकडेच आहे. माझं हस्ताक्षर कुठून कसं पोचेल, सांगता येत नाही. मी पुन्हा विषय काढला नाही. मलाही मनातून बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. इथे मी कॉलर आणि कफ. मापाच्या टेपाबाहेर मला कोणी विचारत नाही. शुक्रवारी मात्र माझ्यावाचून एका माणसाचं अडत होतं.

साठ-एकसष्टच्या सुमारास मास्तर चुकायला लागले. एखादी ओळ वेगळीच म्हणायचे. मी टोकायचो. ते थांबायचे, माझ्याकडे बघायचे, मग जुनी ओळ म्हणायचे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच चूक. मी पुन्हा टोकायचो. म्हटलं, उस्तादांचं वय झालं, आपल्यालाच खंबीर राहायला हवं. एकदा ते आमच्या मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत म्हणाले, नझीर, तू पोलीस आहेस. तिकडचा साहेब निदान वाचून खोडायचा, तू न समजता खोडतोस. मी पोट धरून हसलो. तेही हसले. चहा मागवला. त्यानंतर मास्तर चुकले नाहीत. चार वर्षं सगळं जसंच्या तसं म्हणत राहिले, आणि मी स्वतःवर खूश.

नोव्हेंबरात मास्तरांनी छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. इस्पितळात मी शुक्रवारी जायचो. शेवटच्या खेपेला त्यांनी कालव्यावरची कविता सुरू केली आणि तिसरी ओळ पुन्हा बदलली. माझं तोंड उघडलंच होतं. त्यांनी हात वर केला, वर्गात मास्तर करतो तसा. म्हणाले, चूक नाही नझीर. मी कधीच चुकत नव्हतो. मी दुरुस्त करत होतो. कविता पाठ करायची नसते रे, करायची असते, आणि ती मला नऊ वर्षांत तुझ्यापुढे करता आली नाही. रागाने नाही म्हणाले. थकून म्हणाले. मग विचारलं, कोटाचं दुसरं बटण सैल झालंय, लावशील का? मी तिथेच बसून लावलं. तीन दिवसांनी गेले.

तू कवी आहेस. एक ओळ दहादा खोडून लिहायचास आणि मी तुला चिडवायचो, मास्तर असून पाठ होत नाही म्हणून. ते तू हसण्यावारी नेलंस. सिर्बू मास्तर परदेशी होते, उपकाराखाली होते, त्यांना ते जमलं नाही.

आता कामाचं. तुझ्याकडे इंग्रजी आहे आणि कविता आहे, म्हणून हे पत्र. सोबतच्या पानांवर मी मास्तरांच्या कविता मराठी अक्षरांत उतरवल्या आहेत. ज्या ओळीला मी टोकायचो तिच्याखाली त्यांची ‘चूक’ लिहिली आहे. ऐकणाऱ्याला चुकाही पाठ असतात. तू त्या रोमन अक्षरांत नीट लिहून मुलीला पाठव. तिकडचा धोका तिला ठाऊक आहे, तरी तिने मागितल्यात. वर मास्तरांची ओळ ठेव, माझी खाली. आणि पुढचं तिला समजावून सांग, मला ते लिहिता येत नाही. पुढची ओळ येण्यासाठी आधीची कोणीतरी म्हणावी लागते, आणि म्हणणारा गेला. तिला उत्तर टाकल्यापासून आठ शुक्रवार दुकानात एकटा बसून बघितलं. ज्यांची सुरुवात मला आपली आपण आठवली, त्या कविता एकोणतीसांपैकी अकरा आहेत.

तुझाच,
नझीर