वाऱ्याच्या तोंडाची जागा

कांदळवे,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादूस,

सा. न. वि. वि.

इथे सगळं ठीक आहे. तुम्ही तिघंही ठीक असाल. पत्र बघून हसशील, पण तू दुसरा इलाजच ठेवला नाहीस. फोनवर मला ब्लॉक केलंयस, वहिनीकडून ‘नंतर बोलते’ एवढंच येतं. नामाकाका उद्या तुमच्याकडे करंजाड्याला मासळी घेऊन येतोय आणि वहिनी त्याच्याकडून गुपचूप कोलंबी घेते हे सगळ्या गावाला माहीत आहे. तेव्हा हे पत्र कोलंबीबरोबर येईल. वास आला तर चालवून घे.

आयचा गुडघा दुखतो, पण ऐकते कुठे? पहाटे उठून सुकवायच्या जागेवर जातेच. या वर्षी बोंबील बरा आलाय. वेणूबाईनं घराला नवा लोखंडी दरवाजा बसवला, आता तो कुणालाच उघडत नाही, तिला स्वतःलासुद्धा. मी आहे तिथेच, नेरूळच्या कॉलेजात ऑफिसच्या खिडकीमागे, पोरांचे ॲडमिशनचे घोळ निस्तरत.

आता कामाचं. तुला कॉम्प्युटरमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून सल्ला विचारते.

इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं असा, त्यात मी आपल्या गावावर एक लेख लिहिला होता. दोन वर्षं झाली. गाव कुठे, शाळा कधीची, देऊळ कुणी बांधलं असं साधंच. त्यात एक परिच्छेद सुकवायच्या जागेवर होता. गावाच्या पूर्वेला खाडीकाठी मोकळं मैदान आहे, तिथे गावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवतात आणि कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं असतं, एवढंच. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

गणपतीनंतर एक माणूस उगवला. नाव घेतलंय ‘तटस्थ वाचक’. त्यानं तो परिच्छेद काढून टाकला आणि लिहिलं, ‘गावाच्या पूर्वेस पडीक भरावाची जमीन आहे.’ खाली संदर्भ दिला, वर्तमानपत्राच्या प्रॉपर्टी पुरवणीत तिथल्या नव्या टॉवरवर छापून आलेला मजकूर. मी परत माझं लिहिलं. त्यानं परत काढलं. मी घातलं, त्यानं काढलं. कॉलेजात एका हातानं फी भरून घेत होते आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर परिच्छेद घालत होते. एका पोराला दुसऱ्याच पोराची पावती दिली.

मग ज्ञानकोशाचा प्रचालक मध्ये पडला. म्हणजे तिथला राखणदार, धम्मपाल नावाचा. भला माणूस वाटला, दोघांनाही ‘अहो’ करून बोलतो. त्यानं पानाला कुलूप लावलं आणि म्हणाला, चर्चापानावर या, एकमत करा, तोवर लेख आहे तसा राहील. आहे तसा म्हणजे ‘पडीक’. मी लिहिलं, अहो, माझी आय आज सकाळीच तिथे बोंबील घालून आली! तो म्हणाला, ताई, तुमच्यावर अविश्वास नाही, पण इथे छापील संदर्भ लागतो, आईचं सांगणं चालत नाही. आता आयला कुठून छापून आणू मी?

तू म्हणशील, कुणाला वाचायचाय तो लेख? मलाही तसंच वाटायचं. पण टॉवरसाठी बिल्डरनं ती जागा मागितलीय, तुला माहीतच आहे, आणि बायकांनी हरकत घेतलीय. अर्जावर पहिला अंगठा आयचा. गेल्या महिन्यात सरकारी साहेब पाहणीला आले. आय टोपली घेऊन समोर उभी. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला, तो लेख उघडला आणि म्हणाले, “मावशी, इथं तर पडीक लिहिलंय.” आय मोबाइलकडे बघत राहिली. पायाखाली बोंबील, हातात बोंबील, साहेबांच्या नाकावर रुमाल, आणि जागा पडीक! येत्या मंगळवारी सुनावणी आहे.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी एक मूर्खपणा केला. आपल्याकडे गावकीत भांडण असलं की काय करतात? घरटी एक माणूस उभं राहतं. ज्याच्या बाजूनं गाव उभं, त्याचं खरं. मी तेच केलं. रविवारी समाजमंदिरात सगळ्या बायका जमवल्या, तिथल्या एकाच वायफायवर एकेकीचं खातं उघडून दिलं, आणि काय लिहायचं तेही मीच सांगितलं, ‘जागा आमची आहे, आम्ही तिथे मासळी सुकवतो.’ कुणी चष्मा शोधतेय, कुणी सुनेला हाका मारतेय, वेणूबाईनं पासवर्ड म्हणून देवाचं नाव ठेवलं आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळी चहा झाला. मला वाटलं, जिंकलो.

सोमवारी सगळी खाती बंद. प्रचालकानं लिहिलं होतं की ही सारी एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी, एकाच वाक्यासाठी उघडलेली कळसूत्री खाती आहेत, म्हणजे एकच माणूस अनेक बाहुल्या नाचवतोय. इथे मतं मोजत नाहीत, असंही लिहिलं होतं. माझं खातंही महिनाभर बंद. वेणूबाईला समजावून सांगितलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मी कुनाची बाहुली हाय कं? बोलव त्याला हितं. माज्याशी बोलू दे त्याला.”

मला हसू आलं नाही रे. जिवंत बायका, एकेकीनं जन्म काढलाय तिथे, आणि त्या सगळ्या मिळून एक माणूस, तोही खोटा. आणि हे माझ्यामुळे.

आता मी चर्चापानावर एक अक्षर लिहू शकत नाही. फक्त प्रचालकाला मेल करू शकते. त्यानं शेवटचं कळवलंय की रविवारी संध्याकाळी चर्चा बंद होईल. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सुकवायच्या जागेचा फोटो आणि चार ओळी सापडल्यात, त्या मी पाठवल्या. तो म्हणाला, संदर्भ दुबळा आहे, पण समोरच्या सदस्यानं हरकत मागे घेतली तर चालवून घेऊ. नाहीतर पुरवणीतलं राहील. म्हणजे सगळं त्या तटस्थ वाचकाच्या हातात.

तर सल्ला हा विचारायचा होता की अशा माणसाला काय लिहावं म्हणजे त्याला पाझर फुटेल?


शुक्रवार सकाळ

काल इथवर लिहिलं आणि कागद उशीखाली ठेवला. वाटलं होतं, एवढ्यावरच पाठवावं, तू समजून घेशील. पण नामाकाका दारात येऊन उभा आहे, गाडीवर बर्फ वितळतोय, आणि आता आडून आडून बोलायला मला वेळ नाही.

दादूस, तटस्थ वाचक तू आहेस.

कसं कळलं ते सांगते. मी लेखात लिहिलं होतं की वाऱ्याच्या तोंडावरची जागा, खाडीच्या अगदी कडेची, जिथे मासळी सर्वांत लवकर सुकते, ती गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईला मिळते. माझ्या लहानपणी तिथे म्हातारी भागीबाय बसायची, म्हणून मला तसं वाटलं. चर्चापानावर तू मला उताणं पाडायला गेलास. तू लिहिलंस, ‘लेखिकेला स्वतःच्या गावाची माहिती नाही. ती जागा वयस्कर बाईची नव्हे. ज्या घरचा माणूस खाडीवर जाऊन परतला नाही, त्या घरच्या बाईची. आणि त्या घरातल्या पोरानं वल्हं हाती घेतलं की त्याच दिवशी तिला ती सोडावी लागते.’

थोड्या वेळानं तूच ते पुसलंस. पण त्या ज्ञानकोशात काही पुसलं जात नाही रे, प्रत्येक पानाच्या मागे इतिहास असतो, त्यात सगळं राहतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. हे प्रॉपर्टीवाल्या कुणाला माहीत असणार? भागीबायला मूल नव्हतं, म्हणून ती मरेपर्यंत तिथे होती. तिच्याआधी ती जागा आयची होती. बाबा परतले नाहीत तेव्हा मी पाळण्यात होते. तू कळता होतास.

मी आयला ते वाचून दाखवलं. कुणी लिहिलं ते सांगितलं नाही. म्हटलं, पुण्याचा कुणीतरी आहे. आयनं निवडायला घेतलेली सुकट खाली ठेवली. मग म्हणाली, “लिवनारा आपलाच हाय गो. जेवतो कं बराबर, इचार त्याला.”

त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तू नामाकाकाच्या होडीत हट्टानं चढलास. सहावीत होतास. ‘मी आता मोठा झालो’ म्हणत वल्हं ओढलंस, खेकडे घेऊन नाचत परत आलास, आणि बघतोस तर आय आपल्या टोपल्या उचलून मागे भिंतीकडे चाललेली. तुला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षी भिंतीच्या आडोशाला आपली अर्धी मासळी कुजली, आणि तू शाळा सोडलीस. ‘ही घाण कधी एकदाची संपेल’ असं तू यंदा होळीला चारचौघांत ओरडलास, तेव्हा मी तुला बिल्डरचा नोकर म्हणाले. मला यातलं काही माहीत नव्हतं, दादूस. तुला त्या जागेचा राग का, ते आता कळतंय. पण राग जागेवर कशाला? ती जागा गेली तर भिंतीकडचीही जाईल, सगळ्यांचीच जाईल.

आता माझी अडचण ऐक. तू त्याच टॉवरच्या बिल्डरकडे काम करतोस आणि त्याच जागेबद्दल ‘तटस्थ’ म्हणून लिहितोस, हे त्या ज्ञानकोशात चालत नाही. ज्याचं हित गुंतलंय त्यानं लिहू नये असा नियम आहे. माझा मेल तयार आहे. तुझं नाव, तुझं ऑफिस, सगळं. प्रचालकाला पाठवला की तुझी हरकत रद्द. पण ते उघड्या पानावर राहील, कायमचं. बिल्डर तुला कामावर ठेवील का, माहीत नाही. गावात तर तू तोंड दाखवू शकणार नाहीस.

बुधवारी मी तो पाठवणार होते. खोटं कशाला सांगू? बोट बटणावर होतं.

आयला कुठून समजलं देव जाणे. माझ्या तोंडावरून असेल. ती म्हणाली, “तू त्याचा नाव घेतलास ना, तर मी माजा अंगठा परत घेईन. आपल्याला जागा नको.” मी किंचाळले तिच्यावर. म्हटलं, एकदा त्याच्यापायी जागा सोडलीस, आता परत सोडतेस? सगळ्या बायका तुझ्या अंगठ्याकडे बघून उभ्या आहेत, त्यांना काय सांगू? तर ती काय म्हणाली ऐक. “तवा मी रडत नव्हती सोडली. पोर खाडीवर गेला नि परत आला. मना ती जागा ठेवून काय करायची व्हती?”

तू इतकी वर्षं उलटंच धरून बसलास. तिनं टोपल्या उचलल्या त्या दिवशी ती खूश होती.

आता मी काय करू, तू सांग. मेल पाठवला तर आय माघार घेते आणि जागा जाते. नाही पाठवला तर लेखात ‘पडीक’ राहतं, मंगळवारी साहेब मोबाइल पुढे करतात आणि जागा जाते. मला झोप नाही, कॉलेजात लक्ष नाही. माझे सगळे रस्ते बंद झालेत. खुला आहे तो फक्त तुझा. रविवारी संध्याकाळच्या आत चर्चापानावर जा आणि लिही, ‘माझी हरकत नाही.’ नाव सांगू नकोस, कारण देऊ नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. मी मेल खोडून टाकीन आणि हे पत्र तू फाडून टाक. होळीला जे बोलले त्याबद्दल तू म्हणशील तिथे येऊन पाया पडते. मी तुझ्याशी भांडत नाही आता, मी भीक मागतेय.

नामाकाका दुसऱ्यांदा हॉर्न वाजवून गेला. एकच सांगायचं राहिलं.

आज सकाळी मी आयच्या मागोमाग सुकवायच्या जागेवर गेले. तिनं भिंतीकडची टोपली उचलली, गुडघा धरत धरत पार पुढे गेली आणि भागीबाय गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या वाऱ्याच्या तोंडावर नेऊन ठेवली. मग तिथेच बसली, खाडीकडे नाही, करंजाड्याच्या रस्त्याकडे तोंड करून. वेणूबाई बघत होती, सगळ्याच बघत होत्या. एकीनंही तिला हटकलं नाही.

ती जागा कुणाला मिळते, ते मला चुकीचं माहीत होतं. तुला बरोबर माहीत आहे.

आयची आणि तुझी,
भाविका