खोडलेलं शून्य

लुसाका, मंगळवार

प्रिय याया,

हे पाकीट बसवाल्या चिसांगाकाकांच्या हाती देते आहे. सासूबाई शेंगदाणे कुटायला बसल्या की मागच्या दारी जाऊन वाच. आत घडी घातलेला एक छापील कागद आहे, तो आधी उघडू नकोस. माझं सगळं वाचून झालं की मग उघड.

रविवारी फोनवर मी तुला एवढंच म्हटलं, की या खेपेला डोहाळ्याची माती खाऊ नकोस. तू हसलीस. “हिला लुसाकाचं पाणी लागलं,” असं तिथे कुणाला तरी सांगितलंस आणि मला म्हणालीस, तिसरा महिना लागलाय, तू सुट्टीवर कधी येतेस, तोवर शेजारची पोरगी माती आणून देतेय. मी विषय बदलला. भोपळ्याच्या पानांचं विचारलं. असल्या गोष्टी मला बोलून सांगता येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. लिहायला बसले की निदान क्रम तरी लागतो.

कसुबा पोटात असतानाचं आठवत असेल. पाचवा महिना होता. बाजारातली भाजलेली माती तुला चालेना; तिला राखेचा वास येतो म्हणायचीस. तुला निलगिरीच्या झाडांमागच्या वारुळाचीच हवी होती. आपल्यात डोहाळ्याची माती धाकट्या बहिणीने खणायची, म्हणून सुट्टीभर मीच कुदळ घेऊन जायचे. बंद पडलेल्या खाणीचं करडं टेकाड तिथून चाळीस पावलांवर होतं आणि वारा तिकडूनच यायचा. आई म्हणायची, वाळवी खोलातली माती वर आणते, तिच्याइतकी स्वच्छ माती नाही. मी ढेकळं तव्यावर भाजायचे, तू ती कुरूमकुरूम चावायचीस आणि म्हणायचीस, “एवढं कॉलेज शिकलीस, पण रांधायला येतं ते एवढंच.” मी केलेल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीची तू अशी वाट पाहिली नाहीस. कॉलेज उघडल्यावर पुढचे दोन महिने पुरेल इतकी माती मी पिशवीत भरून ठेवून गेले होते.

आता कसुबा चार वर्षांचा आहे आणि दोन शब्द जोडून बोलत नाही. तू पोटुशी असताना चोरून अंडी खाल्लीस म्हणून पोराची जीभ जड झाली, असं सासूबाई पाण्याच्या नळावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, हे आईने मला सांगितलं. तू अंड्याला हात लावला नव्हतास. सुट्टीभर मी घरात होते, मी पाहिलंय. तरी मी त्यांना काही बोलले नाही.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या लोकांनी वस्तीतल्या मुलांचं रक्त नेलं, ते आमच्या प्रयोगशाळेत आलं. बाटलीवर नाव नसतं, क्रमांक असतो. पण तू कसुबाचं कार्ड मला फोनवर वाचून दाखवलं होतंस. त्याचा नमुना मी तीनदा मोजला. तिन्ही वेळा अडुसष्ट. हे रक्तातलं शिसं आहे, पोरांच्या मेंदूला तेच धरतं. पाच आलं तरी आम्ही कळवतो. पंचेचाळीसच्या पुढे दवाखान्यात ठेवून औषध देतात. औषधाने रक्तातलं शिसं उतरेल. कसुबा लगेच बोलायला लागेल, असं मात्र मी तुला सांगणार नाही. जे गेलं ते बहुधा परत येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या सुट्टीनंतर कॉलेजात शिसं मोजायला शिकवलं. सरावासाठी प्रत्येकाने कसली तरी माती आणायची होती. माझ्या पिशवीत तुझ्या मातीचं एक ढेकूळ राहिलं होतं, तेच मी वापरलं. किलोमागे चार हजार दोनशे मिलिग्रॅम आलं. सरांनी माझी वही वर्गासमोर धरली आणि म्हणाले, “न्कांडूबाई, ही माती आहे की आख्खी खाण?” सगळे हसले. मला वाटलं, पाणी मिसळताना मीच चुकले असेन. मी एक शून्य खोडलं, चारशे वीस लिहिलं आणि पास झाले. पुन्हा मोजलं नाही. चारशे वीससुद्धा खायच्या मातीत असायला नको होतं, तेही माझ्या डोक्यात आलं नाही. तुला फोन केला नाही. तू तेव्हा रोज त्याच पिशवीतलं खात होतीस. कसुबाच्या अंगात तुमच्या अंगणातली खाणीची धूळ किती आणि माझी माती किती, हे कुठल्याच यंत्रावर वेगळं काढता येत नाही. मी विचारून पाहिलं. आता छापील कागद उघड, तो कसुबाच्या रक्ताचा अहवाल आहे, आणि सासूबाईंच्या हातात दे. अंडं नव्हतं, तुझी चूक नव्हती, माती कुणी आणली तेही नळावर सांग. घरातलं ढेकूळ फेकून दे, त्या पोरीला पुन्हा माती आणायला पाठवू नकोस. शुक्रवारच्या बसमध्ये काकांनी तुमच्या दोघांसाठी जागा धरली आहे. इथे कसुबासाठी खाट सांगून ठेवली आहे, पोटातल्यासाठी तुझंही रक्त तपासायचं आहे. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण ये.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
न्कांडू