तुमच्या तीन हाका

अण्णा, तुमच्या धाकट्या चिरंजीवांविरुद्ध एक तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला घरात दुसरं कुणी अधिकारी माणूस उरलेलं नाही, म्हणून तुमच्याकडं आलो. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी जेवायला बसलो असताना त्यानं माझ्या ताटातली भाकरी उचलली, पळत मळ्यात नेली, एका फळीवर खिळ्यानं ठोकली आणि पन्नास पावलांवरून तिला गोळी घातली. भाकरी नुकतीच तव्यावरून उतरलेली, टम्म फुगलेली होती. यज्ञातला हविर्भाग पळवणाऱ्या राक्षसांबद्दल मी कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवतोय, पण हविर्भागावर नेम धरणारा पहिल्यांदाच बघितला. आणि तो आमच्याच घरात निघावा, याचं वाईट वाटतं.

कारण असं की त्यानं तुमच्या रायफलीवर एक दुर्बीण बसवली आहे. साधी नव्हे. ती उजेडावर चालत नाही, उष्णतेवर चालते. काळोखात धरली की थंड माती काळी दिसते आणि जे जिवंत, ऊबदार असेल ते पांढरं उठून दिसतं. अशा दुर्बिणीचा नेम जुळवायचा तर निशाणही गरम लागतं, कागदावर शाईनं काढलेला गोल तिच्या लेखी नसतोच. सोबतच्या पुस्तिकेत गरम पाण्याच्या पिशवीची सूचना होती. आमच्या घरात भाकरी होती. ती काचेच्या पडद्यावर पौर्णिमेच्या चंद्रासारखी दिसते, मग निवत निवत करडी होते आणि शेवटी फळीत विरून जाते, म्हणजे प्रत्येक गोळीला नवी भाकरी. गोळी कुठं लागली ते बघायचं, खुणेची फुली दोन घरं डावीकडं सरकवायची आणि पुन्हा चुलीकडं पळायचं. सहाव्या भाकरीला मधोमध भोक पडलं. त्याची बायको परातीत पीठ मळता मळता मला म्हणाली, "दादा, डुकरं रताळी खात्यात आणि ह्ये भाकऱ्या मारत्यात. मधल्यामधी थापून थापून माझंच हात गेलं." मी तिची बाजू घेतली, पण हळू आवाजात, कारण इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडं होतं आणि ते मला आवडायला लागलं होतं.

तुम्हाला इथं हे सांगायला हवं की डुकरं पूर्वीसारखी राहिली नाहीत. तुमच्या वेळी उचगावच्या पलीकडच्या रानातून दोन-चार यायची आणि फटाका वाजला की जायची. आता फटाका वाजला की फक्त मान वर करतात. यंदा रताळ्याचा अर्धा वाफा एका रात्रीत नांगरल्यासारखा झाला. धाकटा फॉरेस्टच्या हपिसात खेपा घालून परवानगीचा कागद घेऊन आला. कन्नडमध्ये, एक महिन्याची मुदत, फक्त रानडुक्कर. रायफलीचा परवाना तुमच्यामागं माझ्या नावावर झाला, कारण मी थोरला आणि पगारी. म्हणून ठरलं असं की नेम त्याचा, पण शेजारी मी हजर पाहिजे. शनिवारी कॉलेज सुटलं की मी स्कूटरवरून गावी यायचं आणि मळ्यातल्या राखणीच्या माळ्यावर चढायचं. ज्या माणसाला तुम्ही कधी त्या रायफलीला हात लावू दिला नाही, त्याच्या नावावर ती आहे, हे तुम्हाला गमतीचं वाटलं असतं.

माळ्यावरचे तुम्ही मला अजून दिसता. मी पाठशाळेतून सुट्टीला आलेला, मिसरूड फुटलेला, अंगावर तुमचं फौजेतलं घोंगडं. खाली ज्वारीत काहीतरी मोडतंय. तुम्ही बॅटरी लावत नाही, रायफल उचलत नाही, आधी हाक मारता. "कोन हाय रं तिकडं?" थांबता. पुन्हा तेच. पुन्हा थांबता. तिसऱ्यांदा म्हणता, "बोल, न्हायतर गोळी घालतोय." तोवर डुकरं ओढ्यापार झालेली असतात. सगळ्या आयुष्यात तुम्ही किती डुकरं मारलीत? मला दोन आठवतात, आणि त्यातलं एक बहिरं असणार. गावात सगळे हसायचे. चावडीवर कुणीतरी म्हणालं होतं, "फौजी, पुढल्या वक्ताला डुकराला कार्ड लिवून कळवा की." मीही हसलो. नुसता हसलो नाही, तर डुकरांच्या राजाला तुम्ही सविनय निमंत्रण पाठवताय असा एक श्लोक रचला, चांगल्या वृत्तात, आणि तो आईला चुलीपुढं अर्थासकट ऐकवला. तुम्ही दाराआड पाय धूत होता. आत येऊन पाटावर बसलात, जेवलात, हात धुतलात, आणि मग म्हणालात, "शास्त्रीबुवा, जे दिसतंय त्याच्यासाठी हाक न्हाय मारत मी." एवढंच. मला वाटलं श्लोक तुम्हाला समजला नाही म्हणून तुम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेलीत. अण्णा, त्या वयात मी फार मूर्ख होतो, आणि त्याला व्याकरणाचा आधार होता.

तर दोन आठवड्यांमागचा शनिवार. आम्ही दिवस मावळायच्या आधी माळ्यावर चढलो. पूर्ण काळोख झाल्यावर दुर्बीण सुरू केली. धाकट्यानं दुर्बिणीची कळ दाबली की आत टक् असा बारीक आवाज होतो, ती क्षणभर डोळा मिटते आणि पुन्हा उघडते. मग त्यानं ती माझ्याकडं दिली. मी बघतोय. ससा दिसतो, भाकरीच्या तुकड्याएवढा. बांधावर बसलेली टिटवी दिसते. पलीकडच्या शेतात ऊस तुटून मोकळी जमीन पडली होती, ती एकसारखी काळी, रिकामी. मला मनापासून आनंद झाला, हे लपवत नाही. आम्ही शिकलो त्यात धूर बघून अग्नीचं अनुमान करायचं असतं. इथं प्रत्यक्ष अग्नीच दिसत होता, प्रत्येक प्राण्याच्या आतला, आणि अनुमानाला जागाच उरली नव्हती असं मला वाटलं.

डुकरं आली तेव्हा बरीच रात्र झाली होती. पाच होती. त्यातलं मोठं कडेला, नाकानं वेल उपसत. धाकट्यानं रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीतलं चित्र त्यानं मोबाईलवरही आणलं होतं, ते माझ्या हातात. डुकराच्या नाकपुड्या सगळ्यात पांढऱ्या, पाठीवरचे केस करडे. तो कुजबुजला, "दादा, घालू?" आणि माझ्याकडं न बघता थांबला. मी म्हणालो, "घाल." गोळी सुटली. बाकीची चार उधळली. ते एक बसल्यासारखं खाली गेलं, पाय झाडत राहिलं, मग थांबलं. त्याच्या पलीकडं पानांवर पांढरे थेंब उडालेले दिसत होते, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत करडे होत होत विझले. रक्त एवढ्या लवकर निवतं हे मला माहीत नव्हतं. धाकटा माझ्या खांद्यावर थाप मारून हसत होता, आणि मीही.

सकाळी पंचनाम्याला फॉरेस्टचा गार्ड आला. तो डुकराजवळ वही घेऊन बसला. धाकट्यानं जनावर उलटवलं, तर गोळी या अंगानं शिरून त्या अंगानं बाहेर गेलेली. ती पुढं कुठं रुतली ते बघायला आम्ही दोघं त्या रेषेत चालत निघालो. बांध ओलांडला. खाली, तुटलेल्या उसाच्या मोकळ्या रानात, काळ्या प्लास्टिकची एक कोपी उभी होती. ऊसतोडीची टोळी, बीडकडची. आम्ही गावाकडच्या वाटेनं माळ्यावर चढलो त्यानंतर काळोख पडताना ट्रॅक्टर त्यांना तिथं सोडून गेला होता; त्याचा आवाज आम्ही ऐकलाही होता, पण उसाच्या हंगामात तो रोजचाच, आणि दुर्बीण तेव्हा अजून लावली नव्हती. दमलेली माणसं, चूलसुद्धा पेटवली नाही, बरोबरच्या भाकरी खाऊन आत झोपली. दुहेरी, जाड प्लास्टिक रात्री मातीइतकंच थंड होतं, आणि त्याच्या आतलं दुर्बिणीला दिसत नाही. काचेच्या पलीकडचं दिसत नाही, हे मी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. प्लास्टिकचं माझ्या डोक्यात आलं नाही.

कोपीपुढं एक म्हातारी विस्कटलेलं अंथरूण वाळत घालत होती आणि सुनेवर तोंड टाकत होती. "रातभर डोस्क्याखाली वल लागतीया म्हनले, तर ही म्हनती सपान पडलं आसंल." सुनेच्या हातात पितळी कळशी होती. तिला दोन भोकं होती, समोरासमोर, एक लहान आणि एक करंगळी जाईल एवढं. कळशी म्हातारीच्या उशाशी, दोन दगडांवर ठेवलेली होती. सुनेनं आम्हाला गावातले समजून विचारलं, इथं कळशीला डाग देऊन देणारा कुणी आहे का. तिचा नवरा आला. त्यानं कळशी हातात घेतली, भोकात बोट घातलं, काढलं, मागं वळून प्लास्टिककडं बघितलं, मग बांधापलीकडं गार्ड बसला होता तिकडं, मग आमच्याकडं. रात्री बार त्यानं ऐकला असणारच. तो बायकोला म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ट्रालीत खिळा लागला आसंल." आणि आमच्याकडं बघून, अगदी नरमाईनं, "नाय का, मालक?"

मी म्हणालो, "असेल."

भूतलावर घागर दिसत नाही, म्हणजे तिथं घागर नाही, हे उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, अण्णा. न दिसणं हेही ज्ञानाचं स्वतंत्र साधन म्हणून शिकवलं जातं. परवाच्या तासाला त्याच पानावर आलो आणि पोरांना म्हणालो, पुढचं उद्या. तुमचं पाटावरचं वाक्य मला त्या बांधावर उभं राहिल्यावर समजलं. तुम्ही डुकराला सूचना देत नव्हता. जे काही तुम्हाला दिसत नव्हतं, पिकाआड, बांधाखाली, अंधारात निजलेलं किंवा वाकलेलं, त्याला तुम्ही तीनदा विचारत होता की तू आहेस का. आणि उत्तर द्यायला वेळ देत होता.

कळशी आम्ही दुसरी दिली. म्हातारीला ती पसंत नाही, जुनीच्या गळ्याला आकार चांगला होता म्हणते. टोळी अजून तिथंच आहे, आता शेजारच्या उसात. धाकटा त्या दिवसापासून नीट जेवत नाही. त्यानं दुर्बीण काढून कपाटात ठेवली होती, पण चार डुकरं उरलीत आणि परवा पुन्हा सहा सऱ्या गेल्या, कागदाची मुदतही संपत आली. काल कॉलेज सुटल्यावर मी मुद्दाम गावी आलो. रात्री जेवताना तो मान खाली घालून म्हणाला, "शनवारी बसू या का, दादा? कोप्या कुठं हायत त्या दिवसाउजेडी बघून ठेवतो." मी हो म्हणालो. मग थोड्या वेळानं, भांडणाच्या सुरात नव्हे, म्हणाला, "मी ल्हान व्हतो, अण्णासंगं माळ्यावर कधी गेलो न्हाय. तू तर लई वेळा गेलतास. तुला तरी हाक मारायची याद यायला नको व्हती का रं?" त्याची बायको भाकरी वाढता वाढता थांबली.

मी म्हणालो, "विसरलो बघ."

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, कारण त्याला जे सांगितलं नाही ते यात आहे. मी विसरलो नव्हतो. त्या रात्री माळ्यावर त्यानं "घालू?" विचारलं तेव्हा तुमची हाक माझ्या तोंडात आली होती, पहिले दोन शब्द ओठावर होते. मोबाईलवर ते डुक्कर इतकं स्वच्छ, इतकं पांढरं दिसत होतं. हाक मारली तर ते पळेल, आणि मला ते पडताना बघायचं होतं. म्हणून गिळली. परवा शनिवार आहे, अण्णा. तो पुन्हा विचारेल, घालू का. त्या वेळी माझ्या तोंडून काय निघेल, हे मला खरंच सांगता येत नाही.