भुवईवरची खोक

दिगूचे बाबा,
चरणी नमस्कार.

लढाईमुळं इतके महिने रखडलेलं तुमचं पार्सल परवा हैदराबादेहून पोचलं. रंगांच्या बारा नळ्या, तीन कुंचले, जवसाच्या तेलाची एक बाटली. किंमत निजामाच्या हाली शिक्क्यात साडेनऊ रुपये, ती तुम्हीच मागं मनीऑर्डरीनं भरली होती. हमाली दोन आणे, ते मी दिले. बाटली फुटलेली नाही.

पूर्णा स्टेशनातले बाबू म्हणाले, ज्याचा माल त्याचीच सही लागेल. मी म्हटलं, मग पुढं त्यांच्याकडंच पाठवून द्या. त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली आणि माल दिला.

आज लिहायला बसले ती या रंगांमुळंच. रंग आल्याचं कळलं तसे तुमच्या वर्गातले वामन आणि रशीद धावत आले. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. त्याआधी तुमच्याच रंगांनी तुमचं चित्र काढायचं आणि ओसरीवर लावायचं, असं त्यांनी ठरवलंय. दोघांनीही पेन्सिलीनं तुमचा चेहरा काढून आणला होता. कोणता बरोबर ते मी सांगायचं, आणि उद्या सकाळी रंग लावायला घ्यायचा.

दोन्ही कागद माझ्यापुढं ठेवले. वामनच्या चित्रात डाव्या भुवईवर खोक, रशीदच्या उजव्या. नाकंही निराळी. एकात तुम्ही करारी, दुसऱ्यात नुकतेच हसून गप्प झालेले.

रशीदनं विचारलं, "काकू, मास्तर कोणते?"

मला सांगता येईना हो.

सहा वर्षं तुमच्या घरात राहिले. मॅट्रिक झालेली बाई म्हणून गावात माझं नाव. पण चारचौघांत मान वर केली नाही. दिवसा तुम्ही शाळेत, घरी आलात की आई ओसरीवर. ताट वाढताना मला दिसायचे ते तुमचे हात. नखांत गेरू अडकलेला. रात्री म्हणावं, तर लढाईत रॉकेल मिळत नव्हतं. जेवणं झाली की मी दिवा मालवायची. तुमचा आवाज मी हजारांत ओळखीन. पायांवरच्या शिरा डोळे मिटून सांगीन. चेहरा आठवायला गेलं की पाण्यात पाहिल्यासारखा हलतो.

आणि तुम्ही! वर्गात पुढ्यात तांब्या ठेवायचा आणि मुलांना पेन्सिल उचलू द्यायची नाही. आधी बघा, बघून झाल्यावर बघा, मग काढा. वामन अजून तुमची नक्कल करतो. गावाच्या पोरांना बघायला शिकवलंत, घरातलं माणूस तेवढं राहून गेलं.

नाही, हे खोटं झालं. एकदा माजघरात तुम्ही माझं चित्र काढायला बसला होतात. "वर बघ," म्हणालात. मी म्हटलं, आई बाहेर आहेत. तुम्ही पुन्हा म्हणालात, "ती बाहेर आहे, मी आत आहे. वर बघ." मी हसले, पण पाहिलं नाही. चित्रात माझा भांगच तेवढा आला.

स्वतःचं चित्र का नाही काढलंत? विचारलं तर म्हणायचात, मास्तरचं तोंड समोर दिसलं की पोरं तेच गिरवत बसतील, त्यांना वांगी गिरवू दे. फोटोचं नाव काढलं की आई कानांवर हात ठेवायच्या, फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणून. फोटो न काढताही घटलंच की.

तापात तुम्ही नऊ दिवस पडलात. उशाशी आई, भावजी, वैद्य. मला जागा मिळाली ती पायांशी. शेवटी चेहऱ्यावर पांढरं टाकलं तेव्हा आम्हा बायकांना आत बसवलं होतं. मी पाहिलं ते पाऊल, बाहेर काढताना उंबऱ्यावरून गेलेलं.

मुलांपुढं मी आईंना विचारलं. मोतीबिंदूमुळं त्यांना कागद दिसत नाहीत. दोन्हींवरून हात फिरवला नि म्हणाल्या, "लहानपणी विहिरीच्या काठावर पडला होता. हळद मीच भरली. डावीच असंल." थोड्या वेळानं म्हणाल्या, "न्हाई गं, उजवी." मग माझ्यावरच चिडल्या, "तू बायको ना त्याची? मला काय विचारायलीस?"

दिगूला विचारलं. दोन वर्षांचं लेकरू. वामनचं चित्र पाहून "बाबा" म्हणाला. रशीदचंही पाहून "बाबा". मग पंचांगावरच्या गणपतीलाही "बाबा". आई हसल्या, मुलं हसली. मी आत गेले आणि देवापुढं बसले.

बाहेर आले तर रशीद म्हणाला, "काकू, काई बी एक सांगा. थोडं चुकलं तर कोन बघायलंय?"

मी म्हटलं, "दिगू बघणार आहे रे. जन्मभर तेच बघणार आहे. तुमच्या मास्तरांनी चुकलेलं चित्र कधी भिंतीवर लावू दिलं होतं?"

दोघांनी आपापले कागद गुंडाळले. उद्या या, म्हणून परत पाठवलं.

संध्याकाळपासून जप करतेय. दत्तगुरूंना एवढंच मागितलं की स्वप्नात एकदा समोर उभं करा, या वेळी मी पाहीन. डोळा लागला तेव्हा तुम्ही आलातही. फळ्याकडं तोंड करून उभे होतात.

एक शब्द देते. अंदाजानं काढलेला चेहरा मी दिगूला बाप म्हणून दाखवणार नाही, मग ओसरीची भिंत जन्मभर कोरी राहिली तरी चालेल. आणि त्याची बायको या घरात येईल तेव्हा पहिल्या दिवशी तिला त्याच्यासमोर बसवीन, दिवा मोठा करीन आणि सांगीन, नीट बघून घे.

मुलं उजाडताच येतील. डावी की उजवी, एवढंच उलट टपाली कळवावं.

तुमची,
दिगूची आई